ओढ्यापलीकडची खोप

थंडी पडायला लागली की मी आधी कोपरे बघते. सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी खाटेखाली, कणगीमागं, चुलीशेजारच्या जळणात नजर फिरवून घ्यायची, ही सवय लहानपणी लागली ती आजतागायत सुटलेली नाही. मुलं हसतात. त्यांना या दिवसांत हुरडा आठवतो, गोधडीची ऊब आठवते, गुऱ्हाळाचा वास आठवतो. ते सगळं मलाही आवडतं. पण कार्तिक सरत आला, जोंधळ्याची कणसं भरायला लागली, पहाटे अंगण दवानं ओलं दिसायला लागलं, की मी घरातले कोपरे पुन्हा पुन्हा झाडून काढते. भीतीलाही ऋतू असतो. माझ्या भीतीचा ऋतू हा.

यंदा तो नेमका दारात आला. मी शहापुरात राहते, मुलींच्या शाळेत शिकवते. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना विणकरांची घरं आहेत. दिवसभर मागांचा खटखट आवाज चालू असतो, इतका की तो आता कानावर येतच नाही. परवा सकाळी तो थांबला, तेव्हा ऐकू आला. शेजारची यल्लूबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात अजून धोटा होता.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्या मागाच्या खड्ड्यात उंदीर पडलाय."

"मांजरानं मारला असेल," मी म्हटलं.

"न्हाय. अंगावर दात न्हाय कुठं. नुसताच मरून पडलाय."

म्युनिसिपालटीचे लोक आले. उंदीर चिमट्यानं उचलून नेला, खड्ड्यात औषध ओतलं, भिंतीवर खडूनं खूण केली. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी गल्लीतल्या बायकांना गोळा करून समजावलं, की ही साथ उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरते, आता टोचून घ्यायची सोय आहे, घाबरायचं कारण नाही. मास्तरीण पुढं झाली की बाकीच्या येतात, म्हणून मी सगळ्यांच्या आधी दंड उघडा करून बसले. सुई टोचताना डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचा हात किती गार पडलाय."

माझा हात त्या वेळी शहापुरात नव्हताच. तो भैरेवाडीच्या माळावर होता.

भैरेवाडी म्हणजे माझं माहेर. निपाणीहून पश्चिमेला बैलगाडीनं निघालं, की आधी काळं रान लागतं, तंबाखूची रुंद पानांची वावरं लागतात. मग माती हळूहळू तांबडी होत जाते आणि डोंगराच्या पायथ्याला शंभरेक उंबऱ्यांचं गाव दिसतं. वरच्या अंगाला माळ, त्यावर भैरोबाचं ठेंगणं देऊळ. खालच्या अंगाला ओढा. ओढ्याला नाव नव्हतं, सगळे त्याला नुसतं 'हद्द' म्हणायचे, कारण ओढ्याच्या अलीकडं इंग्रजाचं राज्य आणि पलीकडं संस्थानचं. म्हातारी माणसं सांगायची, की फार मागं कुणा देसायानं लेकीच्या लग्नात पलीकडची जमीन जावयाला दिली आणि तिथून गावाचे दोन तुकडे झाले. खरंखोटं भैरोबाला ठाऊक. घरं अलीकडं राहिली आणि निम्मी रानं पलीकडं गेली. आमचंही एक वावर पलीकडं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, न्याहरी इंग्रजाच्या राज्यात करून कुळव संस्थानात धरायचे. पोरांना त्याची गंमत वाटायची. एक पाय या काठावर आणि एक पाय ओढ्यातल्या दगडावर ठेवून आम्ही ओरडायचो, "मी दोन राज्यांत." आता ऐकते, की इंग्रज जाणार, पाठोपाठ संस्थानंही जाणार, आणि तो ओढा नुसता ओढा राहणार. तसं झालं तर बरंच आहे.

गावात मराठी घरं जास्त, कानडी बोलणारी लिंगायतांची थोडी, जैनांची त्याहून थोडी. पण दोन्ही भाषा सगळ्यांच्या घरात ये-जा करायच्या. भांडण मराठीत जोरात व्हायचं आणि लेकरू मात्र कानडी गाण्यावर लवकर झोपायचं. आमच्या भिंतीला भिंत लागून गंगव्वाचं घर होतं. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. ती एकटी राहायची. मागच्या एका साथीत तिचा नवरा आणि लेक दोघंही गेले होते. दीर होता, पण तो पुढच्या आळीत आणि मनानं त्याहून लांब. माझ्या आईला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. भिंतीवरून कालवणाची वाटी इकडं यायची, ताकाचा तांब्या तिकडं जायचा.

आमच्या घरात आक्का होती, आप्पांची थोरली बहीण, त्यांना नावानं 'रामा' म्हणणारी. त्याच साथीनं तिचाही नवरा आणि तान्हा मुलगा नेला होता, म्हणून ती माहेरी येऊन राहिलेली. एकाच आगीनं दोघींची घरं जळाली. गंगव्वा त्यानंतर कशाला भ्यायची नाही. आक्का सगळ्याला भ्यायची. ती त्या रोगाचं नावही घ्यायची नाही. 'ती' म्हणायची. "ती आलती तवा," "तिच्या सालात." माझ्या मनात त्यामुळं एक बाईच उभी राहिली होती, तोंड झाकलेली, उंबऱ्यापाशी थांबलेली.

उंदीर पडला तो आमच्याच घरात. आक्का गोठ्याकडची पडवी झाडत होती. मी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होते. झाडणीचा आवाज थांबला. आक्का ओरडली नाही. तिनं झाडणी भिंतीला टेकवून ठेवली, मागं सरकत सरकत माझ्यापर्यंत आली आणि माझा दंड धरला.

"सुभे," ती म्हणाली, "रामाला हाक मार. आत जाऊ नगं. हितनंच मार."

दिवस मावळायच्या आत आणखी तीन घरांतून तीच बातमी आली. पाटलांनी दवंडी दिली, की गाव मोकळं करायचं. दुसऱ्या दिवशी गाड्या भरून सगळं गाव माळावर चढलं. कडब्याच्या, पाल्याच्या खोपी उभ्या राहिल्या. घरांत ऊन जावं म्हणून पुरुषमाणसांनी जाताना कौलं उतरवून ठेवली. माळावरून खाली बघितलं की आपलंच गाव ओळखू यायचं नाही. छपरं नसलेल्या भिंती, उघड्या पडलेल्या चुली, देवळ्या. सोलून ठेवल्यासारखं दिसायचं. कुणाचं तरी कुत्रं माळावर यायला तयार नव्हतं. ते एकटंच गल्लीतून फिरायचं आणि अधूनमधून वर बघून भुंकायचं.

पहिले काही दिवस पोरांना मजा वाटली, हे खोटं कशाला बोलू. शाळा नाही, दार नाही, कडी नाही. उघड्यावर जेवायचं, कणसं भाजायची. पण मोठी माणसं हसत नव्हती. सकाळी एकमेकांकडं बघताना ती डोळे बघायची, डोळे लाल आहेत का. कुणी लंगडला तर सगळ्यांच्या नजरा त्याच्या मांडीकडं जायच्या. काखेत किंवा जांघेत गाठ येते आणि मग माणूस उरत नाही, हे आम्हा पोरांनाही ठाऊक झालं होतं. मी न्हाताना रोज स्वतःच्या काखा चाचपायची. अजूनही या दिवसांत हात तिकडं जातो.

पंचांनी नियम केला, की ज्याला ताप येईल त्यानं हद्दीपलीकडं जायचं. सरकारी माणसं तपासणीला यायची ती ओढ्यापर्यंतच. अलीकडं तापाचा माणूस सापडला तर सगळ्या खोपी जाळतील, अशी आवई उठली होती. शिवाय साथ वाहतं पाणी ओलांडत नाही, असा लोकांचा समज. पलीकडच्या गावानंही आपल्या बांधावर काटेरी फांद्यांचा कूप घातला होता आणि तिथं काठ्या घेऊन माणसं बसवली होती. त्यामुळे ओढा आणि तो कूप यांच्यामधली चिंचोळी पट्टी कुणाचीच राहिली नव्हती. तापाच्या माणसानं तिथं जायचं. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या कुंभाराला नेलं. त्याच्यासाठी खोप घातली, पाणी ठेवलं, लोक परत आले. चार दिवसांनी लांबूनच जळता पलिता टाकून ती खोप पेटवून दिली. आम्ही माळावरून धूर बघितला. आक्कानं माझं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं.

आणि मग एके दुपारी, भर उन्हात, माझ्या आईला हुडहुडी भरली.

तिचे दिवस भरत आले होते. ती जोंधळे निवडत बसली होती, तिच्या हातातलं सूप थडथडायला लागलं. आप्पांनी तिला आत नेऊन निजवलं, अंगावर होतं नव्हतं ते सगळं घातलं. मग बाहेर येऊन ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"सुभे, आईचं कुणी इचारलं तर काय सांगशील?"

"काय सांगू?"

"कंबर दुखतीया म्हण. पोटुशी बाई हाय, कंबर दुखतीच."

मी दारात बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, कंबर दुखतीया. आत आईचे दात वाजत होते आणि तो आवाज लोकांना ऐकू जाईल या भीतीनं मी मोठमोठ्यानं पाढे म्हणत होते. नियम मोडला तर सगळा माळ मरेल, हे मला कळत होतं. नियम पाळला तर माझी आई त्या कुंभाराच्या वाटेनं जाईल, हेही कळत होतं. त्या वयात एवढं कळू नये.

आक्कानं आपलं अंथरूण खोपीबाहेर काढलं. ती आत पाऊल टाकेना. सांजच्याला ती आप्पांना म्हणाली, "रामा, पाटलाला सांग. घरात पोर हाय रं."

"आज-उद्या बाळंत हुईल ती. सुईण तर आपल्या लेकीकडं निघून गेली. पलीकडं हिला कोण बघंल?" आप्पा म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तू जाशील?"

आक्का खाली बघत राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"न्हाय," ती म्हणाली.

आप्पा तिच्यावर रागावले नाहीत. मीही कधी रागावले नाही. तिच्या मांडीवर तान्हं पोर गेलं होतं. त्या 'न्हाय'च्या मागं काय होतं, ते आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला. दुपारी गंगव्वा आली. तिला मी "कंबर दुखतीया" म्हणायच्या आतच ती वाकून खोपीत शिरली होती. मी मागोमाग गेले. गंगव्वानं आईच्या कपाळाला हात लावला आणि मग, त्या दिवसांत कुणी कुणाला शिवायला धजत नव्हतं तेव्हा, सरळ तिच्या दोन्ही काखांत आणि जांघेत हात घालून दाबून बघितलं. आप्पा दारात पाठमोरे उभे होते.

"गड्डी इल्ल," गंगव्वा म्हणाली. गाठ नाही. मग आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आज न्हाय. उद्याचं मी कसं सांगू? हिवताप असंल. पर लोक काय हिवताप बघत बसत न्हाईत. त्येनी ढकलून द्यायच्या आदी आपणच जाऊया, तंगी."

"आपण?" आई म्हणाली.

"मग एकटी बाळंत हुतीस व्हय? मला काय, माझ्यामागं रडायला कोण बसलंय?"

आईनं तिचा हात धरला. गंगव्वा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अंजबेड." घाबरू नको. कानडीतला हा एक शब्द मी कधी विसरणार नाही. यल्लूबाईच्या मुलीला परवा टोचताना ती रडली, तेव्हा माझ्या तोंडून तोच आला.

त्या दोघी गेल्या. आई दोन पावलं चालून थांबायची, गंगव्वा थांबायची. पलीकडच्या आमच्या वावरात चिंचेखाली आप्पांनी आधीच जाऊन खोप घातली होती आणि ते परत आले होते. माळावरची सगळी माणसं उभी राहून बघत होती. पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरलेलं गाव सांभाळत होते आणि स्वतःही घाबरलेले होते.

त्यानंतर आमची सकाळ गंगव्वाच्या घोंगड्यापासून सुरू व्हायची. आप्पा आणि मी भाकरी घेऊन ओढ्यावर जायचो. ओढ्याच्या मधोमध एक मोठा सपाट धोंडा होता, त्यावर भाकरी ठेवून मागं सरायचो. मग गंगव्वा खोपीतून बाहेर यायची आणि घोंगडं दोन्ही हातांनी उंच धरून झटकायची. तसं ठरलं होतं. घोंगडं झटकलं म्हणजे दोघी जिवंत. ते झटकेपर्यंत आप्पा श्वास घेत नसत. मी त्यांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून उभी असायची, आणि त्यांच्या पायाची शीर उडताना मला दिसायची. एकदा पलीकडच्या गावची माणसं कुपापाशी येऊन ओरडायला लागली, की इथनं उठा. गंगव्वानं त्यांना कानडीत असं काही सुनावलं, की ती काठ्या घेऊन गपगार बसली. काय म्हणाली ते आप्पांनी मला कधी सांगितलं नाही.

एका दुपारी माळावर कुजबुज झाली. खाली, मोकळ्या गावातून, गंगव्वा एकटी चालत होती. बाळासाठी मऊ जुनी लुगडी हवी होती, ती आमच्या घरात होती. उघड्या भिंतींमधून ती आत शिरलेली दिसली, बराच वेळ दिसेनाशी झाली, मग काखेत गाठोडं घेऊन बाहेर आली. तिनं ते ओढ्याकाठी चुन्याच्या पाण्यात बुडवलं, उन्हात वाळत घातलं. बाळाची किती काळजी घेतली तिनं. पिसवा त्याआधीच तिच्या अंगावर चढल्या असतील, हे मला परवा त्या तरुण डॉक्टरांचं बोलणं ऐकताना कळलं. बायका पुढं सरकत होत्या, दंड उघडे करत होत्या, आणि मी भिंतीला टेकून तिथं उभी राहिले.

मग एका सकाळी घोंगडं झटकलं गेलं नाही. आम्ही थांबलो. भाकरीवर मुंग्या चढल्या. ऊन वर आलं. खोपीचं दार तसंच काळं. आप्पांनी हाका मारल्या, ओ आली नाही. माळावरून माणसं खाली आली आणि आमच्या मागं थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"रामा," पाटील म्हणाले, "गेलास तर परत घेता यायचं न्हाय. पोरीचा इचार कर."

आप्पांनी माझी मूठ सोडवली. "आक्का, पोरीला बघ," एवढंच म्हणाले आणि पाण्यात उतरले. मी त्यांची पाठ बघत होते. ते खोपीपाशी पोचले, वाकले, आत गेले नाहीत. तसेच वाकलेले राहिले. त्या वेळात मी माझ्या आईला मेलेली बघितलं, आप्पांना मेलेलं बघितलं, स्वतःला आक्काबरोबर माळावर म्हातारी झालेली बघितलं. मग आप्पा वळले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. हातात काहीतरी होतं, लहानसं, लाल. वाऱ्यानं त्याचं रडणं आमच्यापर्यंत आणलं.

गंगव्वा रात्रभर आईपाशी बसून सकाळी जागच्या जागी झोपली होती, आईलाही ग्लानी आली होती, म्हणून ओ आली नव्हती. माळावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी गूळ वाटला. आईचा ताप हिवतापच निघाला होता, आता तो येईनासा झाला होता. अजून थोडे दिवस काढले की सगळी परत येतील, असं पाटील स्वतः म्हणाले.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला थांबायचंय ते दुसऱ्या ठिकाणी. तो मुलगा, माझा भाऊ, जगला. आज निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करतो आणि माझ्याहून वीतभर उंच आहे. आई-आप्पा पुष्कळ जगले. उन्हं तापली तशी साथ ओसरली आणि गाव खाली उतरलं, पण आमच्या भिंतीपलीकडचं घर उघडलं नाही. गंगव्वाला बाळाच्या जन्मानंतर दोनतीन दिवसांत ताप भरला. या वेळी गाठ होती. ती गेली, तेव्हा तिच्याजवळ माणसं होती. ती कोण, कशी, तेवढंच सांगायचं उरलं आहे.

गाठ हाताला लागताच गंगव्वानं आईला सांगितलं, "तंगी, मूल घे आनि सरक हितनं." आई सरकली नाही. "तिनं माझं समदं केलं," ती आप्पांना म्हणाली, "आता मी उठून गेले तर तिला पाणी कोण घालंल?" आप्पा लाकडं आणायचे, पाणी आणायचे, पण आजारी बाईचं सगळं बाईलाच करावं लागतं. तेव्हा त्यांनी मूल तेवढं वाचवायचं ठरवलं. बाळाला दुरडीत घालून आप्पांनी ओढ्यातल्या धोंड्यावर ठेवलं आणि ते मागं सरले. पंचांनी नाही म्हटलं नाही. आक्का पाण्यात गेली, डोळे मिटून दुरडी उचलली आणि आणली.

शेळीचं दूध कापसाच्या वातीनं बाळाच्या तोंडात पिळायचं. ते ओठांवरून बाहेर यायचं, पोटात गेलंच तर उलटायचं. एक अख्खा दिवस बाळ रडलं. ते रडणं ओढ्यापलीकडं ऐकू जात होतं. आई खोपीबाहेर येऊन उभी राहायची, तिची चोळी भिजलेली लांबूनही दिसायची. आतून गंगव्वाची हाक यायची, "नीर," पाणी, आणि आई आत जायची. पुन्हा बाहेर यायची. मी कानांत बोटं घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी बाळ रडायचं थांबलं. झोपलं नव्हतं. डोळे अर्धे उघडे होते आणि आवाज नव्हता. आक्कानं त्याला मांडीवर घेतलं होतं. ती त्याच्याकडं बघत होती. मला वाटतं ती त्या वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी लेकराकडं बघत होती. मग ती उठली. पदर कमरेला खोचला, बाळाला छातीशी बांधून घेतलं आणि उतारानं चालायला लागली. मी मागोमाग पळाले.

काठावर पाटील आडवे आले. "आक्का, कुठं?"

"त्येच्या आईकडं."

"पलीकडं ती साथ हाय, ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय," आक्का म्हणाली. "माझ्याइतकं कुणाला ठाऊक हाय, पाटील? मला लई भ्या वाटतंया. पर हितं ठिवलं तर ह्यो उपाशी मरतोय. सरका."

ते सरकले. माझ्याकडं वळून तिनं बोट दाखवलं. "तू न्हाय. तू हितंच थांबायचं."

ती पाण्यात उतरली. ओढा घोटाभर, कुठं गुडघाभर. तिचे पाय इतके कापत होते, की लुगड्याचा काठ पाण्यावर थरथरताना दिसत होता. मध्ये धोंड्यापाशी ती थांबली. एका हातानं तिनं धोंडा धरला आणि वाकली, जणू पोटात कळ आली असावी. मागं उभी असलेली माणसं म्हणाली, परत येतीया बघा. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती परत यावी असंही वाटलं. पण ती बाळाला थोडं वर सरकवून घेत होती, पाणी लागू नये म्हणून. पुन्हा चालायला लागली.

पलीकडून आई धावत खाली आली, पाण्यातच आली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. आक्कानं गाठ सोडून बाळ आईच्या हातात दिलं. आई चिंचेखाली बसली आणि तिनं त्याला पदराआड घेतलं. बराच वेळ काही झालं नाही. मग आप्पांनी आमच्याकडं बघून मान हलवली. बाळ पीत होतं.

आता आक्का परत येईल की तिथंच लांब बसून राहील, याची मी वाट बघत होते. ती काठावर उभी होती, ओल्या लुगड्यानं, दोन्ही हात पोटाशी धरून. खोपीतून हाक आली. बारीक, ओढलेली. नीर. आई उठायला लागली. आक्कानं तिला हातानं खाली बसवलं. मग तिनं ओढ्यातून तांब्या भरून घेतला, खोपीच्या दारात क्षणभर थबकली, आणि वाकून आत गेली.